इंग्लंडमधलं भाड्याचं घर आणि कौन्सिल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न दरवर्षी दोनदा लाटेसारखे येतात. एकदा सप्टेंबरात, नवे विद्यार्थी उतरतात तेव्हा, आणि पुन्हा डिसेंबर-जानेवारीत, भिंतींना ओल धरते तेव्हा. उत्तरं इंग्लंडपुरती आहेत (स्कॉटलंड आणि वेल्ससाठी शेवटचा प्रश्न पाहा). २०२५ च्या रेंटर्स राइट्स अ‍ॅक्टमुळे बदललेल्या गोष्टी त्या-त्या ठिकाणी तारखेसह दिल्या आहेत.

१. घर खासगी मालकाचं आहे. त्यात कौन्सिलचा काय संबंध?

थेट संबंध आहे. कौन्सिल म्हणजे तिथली महापालिकेसारखी स्थानिक संस्था. मुंबईत महापालिकेचा माणूस भाडेकरूच्या दारात येतो तो बहुतेक वेळा इमारत मोडकळीला आल्यावर, कलम ३५४ ची (धोकादायक इमारतीची) नोटीस घेऊन. त्यामुळे घरातल्या ओलीसाठी किंवा बंद पडलेल्या हीटिंगसाठी सरकारी दार ठोठावायचं, हे आपल्या डोक्यातच येत नाही. इंग्लंडमध्ये हाऊसिंग अ‍ॅक्ट २००४ नुसार आपल्या हद्दीतल्या घरांच्या स्थितीवर लक्ष ठेवणं हे स्थानिक कौन्सिलचं काम आहे, मग मालक कुणीही असो. गंभीर धोका आढळला तर कारवाई करायची की नाही हे कौन्सिलच्या मर्जीवर नसतं, कारवाई करावीच लागते. तुमच्याकडून फी घेतली जात नाही. नोटीस काढण्याचा खर्च कौन्सिल घरमालकाकडून वसूल करू शकते.

२. कोणत्या कौन्सिलकडे जायचं? वेबसाइटवर विभाग सापडत नाही.

घराचा पोस्टकोड ज्या कौन्सिलमध्ये येतो तिच्याकडे. लंडनमध्ये ती तुमच्या भागाची बरो कौन्सिल असते, लेस्टर, मँचेस्टर किंवा बर्मिंगहॅममध्ये सिटी कौन्सिल. काही भागांत काउंटी आणि डिस्ट्रिक्ट अशा दोन पातळ्या आहेत. तिथे घरांचं काम डिस्ट्रिक्टकडे असतं, काउंटीकडे नाही. 'प्रायव्हेट सेक्टर हाऊसिंग' किंवा 'एन्व्हायर्न्मेंटल हेल्थ' असं शोधा. 'हाऊसिंग' एवढंच निवडलंत तर कौन्सिलच्या स्वतःच्या घरांच्या रांगेत जाऊन पडाल, आणि कौन्सिल टॅक्सचा विभाग तर पूर्ण वेगळा आहे.

३. आधी घरमालकाला सांगायलाच हवं का?

तातडीचा धोका नसेल तर हो, आणि लेखी. छत, भिंती, पाइप, हीटिंग, गरम पाणी, संडास-बाथरूम यांची दुरुस्ती १९८५ च्या लँडलॉर्ड अँड टेनंट अ‍ॅक्टच्या कलम ११ नुसार घरमालकाची जबाबदारी आहे. पण घराच्या आतल्या बिघाडाबद्दल त्याला कळवलं गेलं पाहिजे. कौन्सिलचा पहिला प्रश्नही हाच असतो: "त्यांना कधी कळवलंत?"

फोनवर बोलणं झालं असेल तर त्याच दिवशी एक ईमेल टाका: आज आपलं अमुक बोलणं झालं, बॉयलर अमुक तारखेपासून बंद आहे, कधी दुरुस्त होईल ते कळवा. एजंट असेल तर दोघांनाही पाठवा. फोटोत तारीख दिसू द्या. साधा थर्मामीटर भारतातून आणलेला असला तरी चालतो, रोज सकाळ-संध्याकाळ खोलीचं तापमान टिपून ठेवा. आपली माणसं तोंडी पाठपुरावा महिनोन्‌महिने करतात आणि कौन्सिलसमोर दाखवायला हातात एक ओळ नसते. हे थांबायला हवं.

४. कौन्सिलचा ऑफिसर घरी येऊन नेमकं काय बघतो?

तो घर जुनं आहे का, रंग उडालाय का, हे बघत नाही. घरात राहणाऱ्याला इजा किंवा आजार होण्याची शक्यता किती, हे बघतो. या पद्धतीचं नाव हाऊसिंग हेल्थ अँड सेफ्टी रेटिंग सिस्टीम. २००६ मध्ये ती लागू झाली तेव्हा यादीत २९ धोके होते: ओल आणि बुरशी, कडाक्याची थंडी, जिन्यावरून पडणं, आग, वीज, कार्बन मोनॉक्साइड, गर्दी, चोरांची घुसखोरी असे.

प्रत्येक धोक्यासाठी दोन गोष्टी मोजतात. येत्या १२ महिन्यांत अपघात किंवा आजार होण्याची शक्यता किती, आणि झालाच तर किती गंभीर. त्यातून गुण निघतात. १००० किंवा जास्त गुण म्हणजे कॅटेगरी १, आणि तिथे कौन्सिलला कारवाई करावीच लागते. त्याखाली कॅटेगरी २, तिथे कारवाई करता येते पण बंधन नाही.

एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. हे गुण तुमच्या वयावर ठरत नाहीत. त्या धोक्याचा सर्वाधिक फटका ज्या वयोगटाला बसतो तो धरून ठरतात. थंडीसाठी ६५ आणि त्यापुढचे, ओल-बुरशीसाठी १४ आणि त्याखालची मुलं. म्हणून "तुम्ही तरणेताठे आहात, तुम्हाला काय होतंय" हे एजंटचं म्हणणं या मोजमापात टिकत नाही. पुढचा प्रश्नही असतोच: घर पुरेसं गरम म्हणजे किती? या पद्धतीच्या मार्गदर्शिकेत सुमारे २१ अंश सेल्सिअस हे आरोग्यदायी तापमान मानलंय. १९ च्या खाली जोखीम सुरू होते आणि १६ च्या खाली ती गंभीर होते.

५. भिंतीवर काळी बुरशी आहे. एजंट म्हणतो, "तुम्ही स्वयंपाक फार करता, कपडे घरात वाळवता." खरंच आमची चूक आहे का?

सर्वाधिक येणारा प्रश्न हाच, आणि सर्वाधिक चीड आणणाराही. वाफ घरात तयार होते हे खरं. कुकर लागतो, फोडणी होते, पावसाळी हिवाळ्यात कपडे दोरीवर बाहेर वाळत नाहीत. पण रोजचं जगणं म्हणतात ते हेच. रेटिंग सिस्टीमची अपेक्षा अशी आहे की नेहमीच्या घरगुती वापरातून होणारी वाफ घराने पेलली पाहिजे. पेलत नसेल तर हवा खेळती आहे का, भिंत थंड पडते का, हीटिंग परवडण्यासारखं आहे का, हे प्रश्न घराला विचारायचे असतात.

चांगला ऑफिसर आला की काय करतो ते बघा. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट चालू करून जाळीला कागदाचा तुकडा लावतो. कागद चिकटून राहिला तर पंखा हवा ओढतोय, खाली पडला तर नुसताच आवाज करतोय. मग कपाट पुढे ओढून मागची भिंत बघतो आणि ओल मोजायच्या यंत्राच्या दोन सुया प्लास्टरमध्ये टोचतो: आधी खाली, स्कर्टिंगजवळ, मग खांद्याच्या उंचीवर, मग छताच्या कोपऱ्यात. ओल जमिनीतून चढतेय, बाहेरून झिरपतेय की खोलीतली वाफ थंड कोपऱ्यात साचतेय, याचा अंदाज त्यातून येतो. पहिल्या दोन कारणांत तुमच्या कुकरचा काही संबंध नाही. म्हणून तो यायच्या आदल्या दिवशी भिंत ब्लीचने पुसून चकाचक करू नका! पाहुणे येणार म्हणून आवरायची आपली सवय इथे अंगाशी येते.

रॉचडेलमध्ये डिसेंबर २०२० मध्ये अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा घरातल्या बुरशीमुळे दगावला. तिथेही कुटुंबाच्या राहणीवर बोट ठेवलं गेलं होतं. त्याच्या नावाचा कायदा २७ ऑक्टोबर २०२५ पासून सामाजिक घरमालकांना, म्हणजे कौन्सिल आणि हाऊसिंग असोसिएशनला, ठरावीक मुदतीत दुरुस्ती करायला लावतो. खासगी घरांना तो लावण्याची तरतूद २०२५ च्या कायद्यात आहे, पण त्यासाठी वेगळे नियम यावे लागतात.

६. धोका सापडला. पुढे काय होतं, आणि किती दिवसांत?

बहुतेकदा आधी घरमालकाला पत्र जातं. त्याने भागलं नाही तर इम्प्रूव्हमेंट नोटीस: कोणतं काम, कधी सुरू, कधी पूर्ण. नोटीस दिल्यापासून २८ दिवसांच्या आत काम सुरू करायची सक्ती करता येत नाही आणि मालकाला २१ दिवसांत ट्रायब्युनलकडे अपील करता येतं, त्यामुळे आठवड्याभरात सगळं होईल अशी आशा धरू नका. जीवाला लगेच धोका असेल तर कौन्सिल स्वतः तातडीचं काम करून घेते आणि बिल मालकाला लावते. घर किंवा खोली राहण्यालायकच नसेल तर वापरावर बंदी येते (त्याचा फटका कुणाला बसतो ते प्रश्न १५ मध्ये).

नोटीस धाब्यावर बसवणं हा गुन्हा आहे. कोर्टात दंडाला कमाल मर्यादा नाही, किंवा कौन्सिल स्वतःच दंड लावते: पूर्वी ३०,००० पौंडांपर्यंत, १ मे २०२६ पासून ४०,००० पर्यंत. कौन्सिलने लावलेल्या दंडाचा पैसा तिच्याकडेच जातो. तुम्हाला पैसे मिळण्याचा मार्ग प्रश्न ८ मध्ये आहे.

७. आम्ही पाच मित्र एका घरात राहतो. हे एचएमओ ('हाऊस इन मल्टिपल ऑक्युपेशन', म्हणजे अनेक कुटुंबांचं सामाईक घर) आहे का?

हो. तीन किंवा अधिक माणसं, किमान दोन 'कुटुंबं', आणि सामाईक स्वयंपाकघर किंवा बाथरूम, म्हणजे एचएमओ. मित्र म्हणजे प्रत्येक जण वेगळं कुटुंब. नवरा-बायको एक कुटुंब, सख्खी-चुलत भावंडंही एकाच कुटुंबात धरली जातात.

पाच किंवा अधिक माणसं असतील तर १ ऑक्टोबर २०१८ पासून संपूर्ण इंग्लंडमध्ये लायसन्स सक्तीचं आहे, घर कितीही मजल्यांचं असो. तिघा-चौघांच्या घरांनाही काही कौन्सिल्स लायसन्स लावतात. काही ठिकाणी सिलेक्टिव्ह लायसन्सिंग आहे, म्हणजे ठरलेल्या भागातल्या एकाच कुटुंबाच्या भाड्याच्या घरालाही लायसन्स लागतं. पूर्व लंडनच्या न्यूहॅमने २०१३ मध्ये हे जवळपास अख्ख्या बरोला लावलं. लायसन्स लागत नसलेल्या एचएमओलाही २००६ चे व्यवस्थापनाचे नियम लागू होतातच: जिना मोकळा, सामाईक जागा स्वच्छ, आगीतून बाहेर पडायची वाट उघडी.

८. लायसन्स आहे की नाही हे कसं कळणार? आणि नसेल तर मला काय मिळणार?

कौन्सिलला लायसन्सची नोंदवही लोकांसाठी खुली ठेवावी लागते. अनेकांची ती ऑनलाइन आहे. लंडनमध्ये मेयरच्या साइटवर पत्ता टाकून लायसन्स लागतं का ते तपासता येतं.

लायसन्स हवं असताना नसेल तर तुम्ही फर्स्ट-टियर ट्रायब्युनलकडे रेंट रिपेमेंट ऑर्डर मागू शकता, म्हणजे भरलेल्या भाड्याचा परतावा. आधी कमाल १२ महिन्यांचं भाडं मिळायचं आणि अर्जाची मुदत १२ महिने होती. १ मे २०२६ पासूनच्या गुन्ह्यांना दोन्ही २४ महिने. कमाल म्हणजे हमखास नव्हे, रक्कम ट्रायब्युनल गुन्ह्याचं गांभीर्य बघून ठरवतं. गुन्हा वाजवी संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो, म्हणून बँक स्टेटमेंट आणि कौन्सिलचा ईमेल जपा. आणि घरमालकाने लायसन्ससाठी रीतसर अर्ज केला की त्या दिवसापासून त्याचा गुन्हा थांबतो. परतावा त्याआधीच्या काळाचाच मिळतो.

ओल किंवा थंडी असणं एवढ्यावर परतावा मिळत नाही. इम्प्रूव्हमेंट नोटीस मोडली, बेकायदा बाहेर काढलं किंवा छळलं तर मिळू शकतो. घर राहण्यालायक नसल्याबद्दल भरपाई हवी असेल तर २०१८ च्या फिटनेस कायद्याने काउंटी कोर्टात वेगळा दावा लावता येतो. तिथे कौन्सिलची गरज नाही.

९. माझी खोली खाटेएवढीच आहे. चालतं का?

लायसन्सच्या एचएमओमध्ये एका मोठ्या माणसाला झोपायला किमान ६.५१ चौरस मीटर, दोघांना १०.२२. दहा वर्षांखालच्या मुलाला ४.६४. पोटमाळ्याच्या खोलीत जिथे छत दीड मीटरपेक्षा खाली येतं ती जागा मोजायची नाही. हॉलमध्ये चांगली जागा असणं याला उत्तर नाही.

१०. कौन्सिलकडे तक्रार केली तर माझ्या व्हिसाला धक्का बसेल का? 'नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स' लिहिलंय.

नाही. घराची तपासणी मागणं म्हणजे 'पब्लिक फंड्स' घेणं नव्हे, आणि घराबद्दल तक्रार करणं हा कोणत्याही व्हिसाच्या अटीचा भंग नाही. भाड्याने देताना तुमचा व्हिसा तपासणं हा मालकाचा 'राइट टू रेंट'चा विषय आहे. ती तपासणी सहसा घर घेतानाच झालेली असते.

या एका भीतीपोटी शिकलीसवरलेली मुलं पूर्ण हिवाळा हीटिंगशिवाय काढतात. काही घरमालक हे ओळखून आहेत आणि "व्हिसाचं बघा हं" असं मुद्दाम सुचवतात. असा मेसेज आला तर तो जपून ठेवा, पुढे छळाचा पुरावा म्हणून उपयोगी पडेल.

अट लागू होते ती दुसऱ्या ठिकाणी: बेघर झाल्यावर कौन्सिलकडून मिळणारं घर हे पब्लिक फंड्समध्ये मोडतं.

११. तक्रार केली म्हणून मालक घराबाहेर काढेल?

१ मे २०२६ पासून सेक्शन २१ रद्द, म्हणजे कारण न देता घर सोडायला लावणं बंद. आता कायद्यात दिलेलं कारण दाखवावं लागतं आणि शेवटी कोर्टाचा आदेश लागतो. विद्यार्थ्यांनी एक अपवाद लक्षात ठेवावा: फुल-टाइम विद्यार्थ्यांना दिलेलं एचएमओ, आधी तशी लेखी कल्पना दिलेली असेल तर, चार महिन्यांची नोटीस देऊन १ जून ते ३० सप्टेंबर या काळात परत घेता येतं.

कुलूप बदलणं, सामान बाहेर टाकणं, वीज तोडणं हा १९७७ च्या कायद्याने गुन्हा आहे. लगेच पोलिसांना आणि कौन्सिललाही कळवा. पोलिसांनी "हा दिवाणी मामला आहे" म्हटलं तर याच १९७७ च्या प्रोटेक्शन फ्रॉम एव्हिक्शन अ‍ॅक्टचं नाव घ्या.

१२. दुरुस्ती होईपर्यंत भाडं थांबवलं तर?

थांबवू नका. थकलेलं भाडं हे घर परत घ्यायचं कायदेशीर कारण आहे. १ मे २०२६ पासून तीन महिन्यांची थकबाकी झाली की कोर्टाकडे नाही म्हणायला जागा राहत नाही. आपली बाजू बरोबर असूनही घर हातचं जातं.

१३. मी एका मराठी कुटुंबाकडे पेइंग गेस्ट आहे. मलाही हे लागू आहे का?

अर्धं. घरातले धोके कौन्सिल इथेही तपासू शकते, कारण ते घराशी जोडलेले आहेत. पण मालक त्याच घरात राहत असेल आणि तुम्ही त्याच्याबरोबर स्वयंपाकघर वापरत असाल तर तो वाजवी मुदत देऊन, कोर्टात न जाता तुम्हाला जायला सांगू शकतो. प्रश्न ११ मधलं संरक्षण तुम्हाला नाही. मालकाच्या कुटुंबाबरोबर दोघांपर्यंत लॉजर असतील तर ते एचएमओही ठरत नाही. ओळखीच्या घरात काका-काकूंना लिहून द्यायला संकोच वाटतो हे कळतं, तरी किती भाडं आणि किती दिवसांची नोटीस एवढं तरी ईमेलवर ठरवून घ्या.

१४. ज्याला भाडं देतो तो स्वतःच भाडेकरू निघाला. मूळ मालक वेगळाच आहे.

याला इथे 'रेंट-टू-रेंट' म्हणतात आणि भारतीय विद्यार्थ्यांच्या घरांत हे सर्रास दिसतं. दोन्ही नावं कौन्सिलला द्या. घराचा ताबा कुणाकडे आणि भाडं कुणाच्या खिशात जातं, हे शोधायचे अधिकार तिच्याकडे आहेत आणि २७ डिसेंबर २०२५ पासून ते वाढलेत. परताव्याबाबत सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये राकुसेन विरुद्ध जेप्सेन खटल्यात सांगितलं होतं की ऑर्डर फक्त लगतच्या घरमालकावरच, म्हणजे ज्याला तुम्ही भाडं देता त्याच्यावरच, निघू शकते. मधला माणूस कंपनी गुंडाळून गायब व्हायचा आणि निकाल कागदावर राहायचा. २०२५ च्या कायद्याने ही पळवाट बुजवली: १ मे २०२६ पासून मूळ मालकावरही ऑर्डर निघू शकते.

१५. करारात तिघांची नावं आहेत, राहतो आम्ही सहा जण. कौन्सिलला बोलावलं तर आम्हीच अडकू का?

गर्दी लपणार नाही, ऑफिसर गाद्या मोजतो. मालकाला हे माहीत असेल, आणि सहा जणांकडून तो भाडं घेत असेल, तर लायसन्सचा गुन्हा त्याचा. त्याला न सांगता तुम्हीच मित्र आणून ठेवले असतील तर कराराचा भंग तुमच्याकडून झालेला आहे, आणि ते त्याच्या हातात एक कारण ठरू शकतं. बंदीचा आदेश आला तर जागाही सोडावी लागते.

बागेतल्या शेडमध्ये किंवा गॅरेजमध्ये राहणाऱ्यांचंही असंच. पश्चिम लंडनच्या बाजूला हा प्रकार इतका वाढला की स्लाव कौन्सिलने २०१३ मध्ये विमानातून उष्णतेचं चित्रण करून माणसं राहत असलेल्या शेड शोधल्या. शेडमध्ये राहणाऱ्यालाही सुरक्षित जागेचा हक्क आहे, पण कारवाईचा शेवट बहुधा जागा रिकामी होण्यात होतो. म्हणून अशा वेळी आधी शेल्टर किंवा सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस या सल्ला देणाऱ्या संस्थांशी बोला, विद्यार्थी असाल तर स्टुडंट्स युनियनशी. पर्यायी जागेचा विचार करा आणि मग तक्रार करा. जागेत कार्बन मोनॉक्साइडची किंवा आगीची भीती असेल तर मात्र थांबू नका.

१६. तक्रार करून महिने झाले. कौन्सिल ढिम्म आहे.

ऑफिसर कमी आणि तक्रारी भरपूर, हे खरं आहे, पण ते कारण पुरेसं नाही. लेखी विचारा: रेटिंग सिस्टीमखाली तपासणी झाली का, कॅटेगरी १ आढळली का, नसेल तर कशावरून? उत्तर समाधानकारक नसेल तर कौन्सिलच्या स्वतःच्या तक्रार पद्धतीतून जा आणि तीही संपली की लोकल गव्हर्नमेंट अँड सोशल केअर ऑम्बड्समनकडे, साधारण १२ महिन्यांच्या आत. नगरसेवकाला, म्हणजे इथल्या वॉर्ड कौन्सिलरला, लिहिलेला छोटा ईमेल कधीकधी फाइल हलवतो.

१७. डिपॉझिट, एजंटची फी, गॅस: हेही कौन्सिलच बघते का?

डिपॉझिट ३० दिवसांत मान्य योजनेत जमा केलं नाही तर दावा काउंटी कोर्टात. बेकायदा फीची तक्रार ट्रेडिंग स्टँडर्ड्सकडे (दोन पातळ्यांच्या भागात काउंटीकडे). गॅसची दरवर्षीची तपासणी झाली नाही तर तक्रार हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्हकडे. विजेची पाच वर्षांनी होणारी तपासणी आणि प्रत्येक मजल्यावरचा स्मोक अलार्म मात्र कौन्सिलचाच विषय.

१८. मी पुण्यात राहतो, लंडनमधला माझा फ्लॅट एजंटकडे आहे. नोटीस आली तर कुणाची जबाबदारी?

बहुतेक बाबतींत तुमची, काही गुन्ह्यांत एजंटचीही. "एजंटने कळवलं नाही" हे म्हणणं क्वचितच टिकतं. फ्लॅटच्या बरोत लायसन्स लागतं का हे स्वतः तपासा, कारण भाग बदलतात आणि नव्या योजना येतात. तीन मित्रांना दिलेला दोन बेडरूमचा फ्लॅटही एचएमओ आहे (प्रश्न ७). इम्प्रूव्हमेंट नोटीशीवर अपीलची मुदत २१ दिवसांची असते आणि पोस्टाने पुण्याला पत्र पोचेपर्यंत ती संपू शकते, म्हणून कौन्सिलकडे चालू ईमेल पत्ता नोंदवून ठेवा.

१९. आम्ही ग्लासगोला आहोत. कार्डिफमधल्या मित्रालाही हेच लागू का?

नाही. स्कॉटलंडमध्ये प्रत्येक खासगी घरमालकाला कौन्सिलकडे नोंदणी करावी लागते, आणि दुरुस्ती होत नसेल तर भाडेकरू 'रिपेअरिंग स्टँडर्ड'च्या आधारे स्कॉटलंडच्या ट्रायब्युनलकडे थेट जाऊ शकतो. वेल्समध्ये धोक्यांचं रेटिंग आहे, पण घरमालकांची नोंदणी आणि लायसन्स 'रेंट स्मार्ट वेल्स'कडे असतं आणि करार २०१६ च्या वेगळ्या कायद्याखाली येतात. वर दिलेल्या १ मे २०२६ च्या भाडेकराराच्या तारखा या दोन्ही ठिकाणी धरू नका.